हलका पाटा, भारी माल

वाशिमहून मालेगावमार्गे अकोल्याकडे निघालेल्या सोयाबीनच्या ट्रककडे मागून, जरा वाकून पाहिले, तर हौद्याखाली चाकांच्या आतल्या अंगाला एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान दिसते. मेकॅनिकच्या बोलीत कमानपाटे, किंवा नुसते पाटे. ट्रकमध्ये गेल्या काही वर्षांत बरेच काही बदलले. जुने डिझेल पंप गेले, सेन्सर आले, युरियाची टाकी आली. पाटे मात्र होते तसेच राहिले. १८०४ साली इंग्लंडमध्ये ओबादाया इलियटने घोडागाडीच्या कमानींचे पेटंट घेतले. त्याला आजच्या ट्रकखाली झोपवले, तर ओळखीची वाटावी अशी एवढी एकच वस्तू त्याला सापडेल.

हा जड, जुना आणि खात्रीचा भाग हलका करता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. त्यातली एक वाट अशा धातूची आहे, की ज्याची घडण वरून आत जाताना हळूहळू बदलत जाते. ती वाट कशी आहे, कुठे अडते आणि आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या गाड्यांना तिचा कितपत उपयोग, ते पाहू.

पाट्याचे काम

चाक खड्ड्यात गेले की धक्का बसतो. तो सरळ हौद्याला, मालाला आणि ड्रायव्हरच्या मणक्याला पोचू नये, म्हणून पाटा वाकतो आणि धक्क्यातली शक्ती क्षणभर स्वतःत साठवून घेतो. मग ती परत देतो. देताना गाडी झुलत राहू नये, हे काम शॉकअपचे. म्हणजे पाटा ही मुळात शक्ती साठवायची जागा आहे आणि पाट्याची खरी परीक्षा एकच: किलोमागे किती शक्ती साठते?

बैलगाडीला कमान नव्हती, टांग्याला होती. वेग वाढला की कमान लागते. वाशिमच्या बऱ्याच भागात जमीन काळी आणि भारी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर अंथरलेला डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटा खाऊ लागतो. अशा रस्त्यावर पाट्याला एका फेरीत हजारो वेळा वाकावे लागते. दुसरीकडे समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या अंगाने जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुले आहेत. तिथे खड्डे फारसे नाहीत, पण वेग आहे. एकाच ट्रकला सकाळी गावरस्ता आणि दुपारी समृद्धी, अशी दोन्ही सोसावी लागतात.

हलकेपणाचा फायदा दुहेरी असतो. पाट्याचे निम्मे-अर्धे वजन आसाबरोबर वर-खाली होते. ते जितके कमी, तितके चाक रस्त्याला धरून राहते. दुसरा फायदा सरळ पैशाचा. २०१८ साली केंद्राने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. या आकड्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते. चारही बाजूंच्या पाट्यांत मिळून क्विंटलभर लोखंड वाचले, तर कायद्यात राहून क्विंटलभर सोयाबीन जास्त नेता येईल.

पाटा तुटतो कुठे

गॅरेजमध्ये तुटलेला पाटा हातात घेऊन पाहिला तर तो स्वतःच हकिगत सांगतो. तुटण्याच्या जागा ठरलेल्या. एक, मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी. दुसरी, मेन पाट्याच्या टोकाला, जिथे तो वळवून बुश बसवायचा डोळा केलेला असतो. तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतात. एका कडेला काळपट, गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा भाग असतो आणि त्यावर बारीक वलये. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. काळपट भाग म्हणजे महिनोन्महिने हळूहळू पुढे सरकत गेलेली भेग. तिच्यात पाणी आणि धूळ शिरून ती काळी पडलेली असते. चकचकीत भाग शेवटच्या धक्क्याला एका दमात तुटलेला. याला धातूचा थकवा म्हणतात.

ती चंद्रकोर नेहमी कडेला, पृष्ठभागावर असते. गंजाचा खड्डा, दगडाचा ओरखडा, भोकाची कड, अशा ठिकाणी भेग जन्मते. पाट्याच्या पोटात, ऐन मध्यावर ती सहसा सुरू होत नाही. वाकताना पाट्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधोमध एक थर असा असतो, की जो ना ताणला जातो ना दाबला जातो. सगळा मार पृष्ठभागावर.

मधला अर्धा भाग

आता थोडा हिशेब. १२ मिलिमीटर जाडीचा पाटा घ्या. त्यातला मधला ६ मिलिमीटर जाडीचा थर वेगळा धरा. वर ३ आणि खाली ३ मिलिमीटर उरले. मधला थर हा वजनाने बरोबर निम्मा पाटा झाला. तो काम किती करतो? वाकण्याला होणारा विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढत जातो, त्यामुळे मधल्या निम्म्या जाडीच्या वाट्याला फक्त एक अष्टमांश काम येते. उरलेले सात अष्टमांश काम बाहेरचे दोन पातळ थर करतात.

म्हणजे निम्मे लोखंड बरेचसे नुसते बसून फुकट प्रवास करते आहे. त्या मधल्या थराच्या जागी अॅल्युमिनियम घातले तर? पोलादाची घनता ७.८५ आणि अॅल्युमिनियमची २.७. पाट्याचे वजन एकतृतीयांशाने कमी होईल. अॅल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा असला तरी पूर्ण पाट्याचा ताठरपणा फक्त ८ टक्क्यांनी उतरेल. पृष्ठभागावरच्या पोलादाला ६०० मेगापास्कल ताण बसत असेल, तेव्हा आतल्या अॅल्युमिनियमच्या कडेला १०५च्या आसपास बसेल. चांगल्या जातीच्या अॅल्युमिनियमला तो पेलतो.

कागदावर इतका सोपा फायदा दिसला की शंका यायलाच हवी. सगळी अडचण त्या दोन धातूंच्या सांध्यात आहे.

सांध्याची अडचण

पोलाद आणि अॅल्युमिनियम तापवून एकमेकांना चिकटवले, तर मध्ये दोघांच्या संयोगाचा एक तिसराच थर तयार होतो. तो काचेसारखा ठिसूळ असतो. बरे, स्प्रिंगच्या पोलादाला कडकपणा आणण्यासाठी ते ८५०-९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवावे लागते, म्हणजेच त्याला पाणी द्यावे लागते, आणि अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. म्हणजे आधी जोडून मग पाणी द्यायचे, हा मार्ग बंद.

त्याहून चिवट प्रश्न प्रसरणाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. ५०० अंशांना जोडलेला पट्टा निवू दिला, तर दोघांच्या आकसण्यात साधारण अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ६०० मेगापास्कल ताणाखाली पोलाद जेवढे लांबते ते ०.३ टक्का. थोडक्यात, गाडीला पाटा लागायच्या आधीच, नुसत्या निवण्याने, सांध्यावर खड्ड्यापेक्षा मोठी ओढाताण होऊ शकते. अॅल्युमिनियम मऊ असल्याने थोडे सैल होऊन घेते, पण सगळे नाही.

शिवाय मधला थर काहीच करत नाही असे म्हटले, ते वाकण्यापुरते खरे. वरचा थर एका दिशेला आणि खालचा दुसऱ्या दिशेला सरकू पाहतो, आणि ती सरक नेमकी मध्यावर सर्वांत जास्त असते. म्हणून आत कसलेही भुसकट भरून चालत नाही. आतला थर हलका हवा, पण बाहेरच्या दोघांना घट्ट धरून ठेवणारा हवा.

क्रमाने बदलणारी घडण

यावरचा तोडगा असा, की सांधाच ठेवू नये. एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना मध्ये रेष न काढता प्रमाण थोडे थोडे बदलत न्यावे. बांबू आडवा कापून पाहा. सालीकडे धाग्यांची गर्दी दिसते, आत पोकळीकडे जाताना ते विरळ होत जातात. वाऱ्यात वाकताना सगळा ताण सालीवर येतो आणि बांबूने धागेही तिथेच जास्त ठेवले आहेत. कुठे जोड नाही, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न नाही.

माणसाने ही कल्पना धातूत मुद्दाम आणायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात जपानमध्ये. अंतराळयानाच्या कवचाला एका अंगाने प्रचंड उष्णता आणि दुसऱ्या अंगाने थंडी सोसायची होती. एका बाजूला सिरॅमिक, दुसऱ्या बाजूला धातू आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारे मिश्रण, असा पदार्थ त्यासाठी तिथल्या संशोधकांनी मांडला. मोटारीतही त्याच सुमारास याचे साधे रूप आले. १९८३मध्ये टोयोटाने डिझेल इंजिनाच्या अॅल्युमिनियम पिस्टनमध्ये फक्त रिंग बसते त्या खाचेपाशी सिरॅमिकचे तंतू ओतले. जिथे झीज, तिथेच मजबुती. बाकी पिस्टन साधाच.

स्प्रिंगसाठी असा क्रमिक धातू करायच्या पद्धती अनेक आहेत. एकीत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची भुकटी आणि सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकची भुकटी निरनिराळ्या प्रमाणात मिसळून थरावर थर अंथरतात, दाबतात आणि वितळू न देता भाजून एकजीव करतात. वरच्या थरात कार्बाइड समजा २० टक्के, त्याखाली १५, मग १०, मग ५ आणि मध्यावर शुद्ध मिश्रधातू. तिथून खाली पुन्हा उलट क्रम. दुसरीत वितळलेला अॅल्युमिनियम कार्बाइडच्या कणांसह गरगर फिरणाऱ्या साच्यात ओततात. कण वितळलेल्या धातूपेक्षा जड असतात, म्हणून ते बाहेरच्या भिंतीकडे जातात आणि प्रमाणाची चढण आपोआप तयार होते. ही युक्ती छान आहे, पण ती नळीसारख्या गोल वस्तूंना जास्त सोयीची. पाट्यासारख्या लांब पट्टीला पहिली पद्धत किंवा लाटून जोडलेले पत्रे बरे पडतात. अलीकडे लेसरने वितळवत थर चढवणारी छपाईही आली आहे. तिने प्रमाण हवे तसे बदलता येते, पण ट्रकच्या पाट्याच्या भावात ती बसणे आज तरी अवघड.

आणि खरे म्हणजे आजचा साधा पोलादी पाटाही अगदी एकसारखा नसतो. कारखान्यात पाणी दिल्यानंतर त्याच्या ताण बसणाऱ्या अंगावर पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्या लाखो बारीक टोल्यांनी वरची कातडी दाबली जाते आणि दाबलेलीच राहते. पुढे पाटा ताणला गेला की आधी ती दाब सोडते, मग ताण घेते. भेग उघडायला त्यामुळे वेळ लागतो. हा एक प्रकारचा चढउतारच आहे, फक्त पदार्थाचा नव्हे, ताणाचा. दर किलोमागे सर्वांत स्वस्तात आयुष्य वाढवणारी युक्ती म्हणून माझे मत अजूनही याच छऱ्यांना.

मेख कडकपणाची

अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड घातले की ते बळकट होते, हे बरोबर. पण ते ताठही होते. साध्या अॅल्युमिनियमचा यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, ७० गिगापास्कल. २० टक्के कार्बाइडने तो १००च्या आसपास जातो. खांबाला किंवा ब्रेकच्या डिस्कला ताठपणा चालतो. स्प्रिंगचे तसे नाही. साठणारी शक्ती ताणाच्या वर्गाने वाढते आणि ताठरपणाने भागली जाते. स्प्रिंगला सोसणारा पण लवचीक पदार्थ हवा. कार्बाइड एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. शिवाय कणांपाशीच भेगा सुरू होऊ शकतात, आणि अॅल्युमिनियमला पोलादासारखी सुरक्षित मर्यादा नाही. पोलादात ठरावीक ताणाखाली राहिलात तर भेग व्यवहारात सुरूच होत नाही. अॅल्युमिनियम कमी ताणालाही, पुरेसे हेलकावे दिले की, कधीतरी थकतेच. म्हणून पूर्ण अॅल्युमिनियम-कार्बाइडचा ट्रकचा पाटा ही गोष्ट प्रबंधात जास्त आणि रस्त्यावर कमी दिसते, याचे आश्चर्य वाटायला नको.

ताणाचा वर्ग भागिले ताठरपणा, या हिशेबाने पाहिले तर टायटॅनियम चांगले. स्प्रिंगसाठीच्या टायटॅनियमचा ताठरपणा पोलादाच्या साधारण निम्मा आणि वजन सहा दशांश. तेवढ्याच ताणाला किलोमागे तिप्पट शक्ती साठते. फोक्सवॅगनने २००१च्या सुमारास लुपो एफएसआय या छोट्या गाडीच्या मागच्या गुंडाळी स्प्रिंगा टायटॅनियमच्या दिल्या होत्या. किंमत ऐकल्यावर बाकीच्यांनी मागोमाग रांग लावली नाही.

काचतंतूने मारलेली बाजी

हलक्या स्प्रिंगच्या शर्यतीत आज पुढे कोण, तर धातूच नव्हे. काचतंतू आणि इपॉक्सी. त्याचा ताठरपणा पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, वजन चौथ्या हिश्श्याएवढे. तेवढाच ताण सोसला असे धरले, तर किलोमागे वीसपट शक्ती. प्रत्यक्षात वारंवार वाकताना त्याला तेवढा ताण देता येत नाही, म्हणून वीसपट काही पदरात पडत नाही. तरी जे पडते ते थोडके नाही. १९८१च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या काही गाड्यांत मागचा आडवा पोलादी पाटा काढून काचतंतूचा एकच पाटा बसवला, तेव्हा त्याचे वजन चार किलोंच्याही आत आले. पोलादी संच त्याच्या पाचपटींच्या आसपास होता. व्होल्वोच्या २०१५च्या एक्ससी९०मध्ये मागे असाच आडवा पाटा आहे. ऑडीने त्याच सुमारास एका मॉडेलला काचतंतूची गुंडाळी स्प्रिंग दिली, पोलादाची २.७ किलोची, तर ही १.६ किलोची. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनच्या पुढच्या चाकांना काचतंतूचा पाटा वर्षानुवर्षे चालला, आणि ती तर माल वाहणारी गाडी.

त्याचा आणखी एक गुण म्हणजे तो काडकन तुटत नाही. आधी कडेचे धागे पांढरे पडून सुटू लागतात, पाटा बसका होतो, ड्रायव्हरला कळते. आणि एकच जाड पाटा असल्याने पाट्यापाट्यांमध्ये काळ्या मातीची धूळ आणि गंज बसून होणारी करकर नाही.

जिल्ह्यात तो कुठे बसेल

पोलादी पाट्याचा खरा जीव दुरुस्तीत आहे. रिसोड असो वा मानोरा, रस्त्यात पाटा तुटला की ड्रायव्हर फोनवर एवढेच सांगतो, "मेन पाटा गेला, भाऊ." फिटर जॅक आणि लाकडाचा ओंडका घेऊन येतो, यू-बोल्ट सोडतो, सेंटर बोल्ट काढतो, तुटलेला पाटा बाजूला करून दुसरा घालतो. बाकीचे पाटे तेच. संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्याला. दहातला एक तुटला तरी उरलेले नऊ गाडी घरापर्यंत आणतात. भार जास्त असेल तर मालक वरून एखाद-दुसरा वाढीव पाटाही टाकून घेतात. ते बरोबर नाही, कारण त्याने आस आणि चासी दोन्ही मार खातात. पण पोलाद हे सगळे निमूट सोसते.

नव्या पाट्याला यातले काही चालत नाही. काचतंतूला भोक पाडले की धागेच तुटतात. क्रमिक धातूला गॅसने तापवले की आतली घडण बिघडते. वेल्डिंग तर कोणालाच नको, अगदी साध्या पोलादी पाट्यालाही नको, तरी ते होते. आणि गावरस्त्यावर उडणारी खडी हे काचतंतूचे मोठे दुखणे. वरून रबरी किंवा पॉलियुरेथेनचा लेप लागतोच.

म्हणून सोयाबीनच्या ट्रकपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही, असे मला वाटते. जिथे भार ठरलेला आहे आणि देखभाल एका हाताखाली आहे, तिथे सुरुवात व्हावी. एसटीचे वाशिम, रिसोड, मंगरुळपीर आणि कारंजा हे आगार अकोला विभागात येतात, आणि विदर्भासाठी महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा नागपूरला हिंगण्यात आहे. बसमध्ये माणसे कितीही कोंबली तरी ट्रकसारखा दुप्पट भार होत नाही, आणि कोणत्या बसचा कोणता पाटा कधी बदलला याची नोंद राहते. आरामबसना याची गरज कमी, त्यांच्याखाली हवेचे फुगे असतात. विजेवरच्या मालवाहू तीनचाकी आणि छोट्या चारचाकी गाड्या हे दुसरे ठिकाण. बॅटरीने आधीच वजन खाल्लेले असते, तिथे वाचलेला प्रत्येक किलो मोजला जातो.

मोठ्या ट्रकला मधला मार्ग आहे: मिश्र संच. मेन पाटा, ज्याच्यावर आस टिकून आहे, तो पोलादीच ठेवायचा. खालचे, फक्त भार घेणारे पाटे काढून त्यांच्या जागी काचतंतूचा किंवा क्रमिक घडणीचा एक पाटा द्यायचा. तो गेला तरी चाक जागेवर राहते आणि फिटरचा पोलादाशी असलेला घरोबाही मोडत नाही. परदेशात जड वाहनांसाठी असे संच निघाले आहेत. आपल्याकडे कोणी आणले, तर कारखान्यातल्या हेलकाव्यांच्या चाचणीशिवाय आणि १९६६पासून काम करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या तपासणीशिवाय ते रस्त्यावर येता कामा नयेत. त्या चाचणीत गुळगुळीत प्रयोगशाळेबरोबर आपली ऑगस्टमधली वाटही धरावी, एवढा आग्रह मात्र आपण धरायला हवा.

जुन्या पाट्याचे पुढे काय

गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला तुटका पाटा नुसते भंगार नसतो. त्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे किंवा क्रोमचे, पाणी धरणारे. लोहार तो लाल करतो, ठोकून पातळ करतो, धार काढतो, पुन्हा तापवून पाणी देतो, आणि त्याची वखराची पास, कुऱ्हाड किंवा विळा होतो. साध्या लोखंडाच्या पट्टीपेक्षा त्याची धार जास्त टिकते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते, म्हणून तो पाट्याचीच पास मागतो. ट्रकमालकालाही जुन्या पाट्याचे चार पैसे सुटतात.

काचतंतूच्या पाट्याची पास होत नाही. तो वितळत नाही, ठोकता येत नाही, कापला तर धूळ छातीत जाते. क्रमिक धातूच्या पाट्यात अॅल्युमिनियम आणि कार्बाइड असे मिसळलेले, की ते वेगळे करण्याचा खर्च धातूच्या किमतीहून जास्त. नव्या पाट्याची किंमत सांगताना कंपन्या वाचलेले डिझेल आणि वाढलेला माल धरतील. खरेदी करणाऱ्याने त्यात जुन्या पाट्याचे बुडालेले पैसे वजा करावेत आणि संपलेला पाटा परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्यावे.